तेहतीस दिवसांनी आलेला ताप : लेकीच्या एमआयएस-सीचा अनुभव

हे लिहायला वर्ष गेलं. मध्ये दोनतीनदा लिहायला बसले होते पण जमलं नाही. मागच्या आठवड्यात तिची राहिलेली कांजिण्यांची लस झाली आणि त्या आजाराच्या (एमआयएस-सी, म्हणजे कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी काही मुलांना होणारा अंगभर सुजेचा आजार) फाइलमधलं शेवटचं काम संपलं, म्हणून आता लिहितेय. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा रात्री रात्री फोनवर शोधायचे की कोणी आईबापाने मराठीत काही लिहिलंय का, पण एक तर घाबरवणाऱ्या बातम्या मिळायच्या नाहीतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. तर हे सगळं जसं घडलं तसं, तारखांसकट. मी डॉक्टर नाही, यातले आकडे आमच्या फाइलमधले आहेत, तुमच्या मुलाचे वेगळे असतील.

सुरुवात २६ एप्रिल २०२१ पासून करायला हवी, पण तेव्हा आम्हाला ती सुरुवात आहे हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी नवऱ्याची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. तो एका खोलीत, आम्ही बाहेर. लेक तेव्हा आठ वर्षांची. तिला एक दिवस अंग गरम वाटलं, दुसऱ्या दिवशी ती उड्या मारत होती, म्हणून आम्ही तिची टेस्ट केलीच नाही. नवरा बरा झाला, मला काही झालं नाही, आणि मे महिन्याच्या मध्यावर आम्ही सगळे म्हणालो की सुटलो बाबा एकदाचे.

२९ मे, शनिवार. संध्याकाळी लेक म्हणाली, आई मला थंडी वाजतेय. ताप १०२. पॅरासिटामॉल दिलं, उतरला, चार तासांनी परत चढला. रविवारी १०३, पोट दुखतंय म्हणाली, दोनदा जुलाब झाले. सोमवारी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. पोटाचं इन्फेक्शन दिसतंय म्हणाले, ओआरएस द्या, दोन दिवस बघू. त्यांना मी दोष देत नाही, त्या दिवशी तिला खरंच ताप, जुलाब आणि पोटदुखी एवढंच होतं. त्यांनी विचारलं, घरात आत्ता कोणी आजारी आहे का? मी म्हणाले नाही. आणि ते खरंच होतं, आत्ता कोणीच आजारी नव्हतं. महिन्यापूर्वीचं सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे एक वाक्य मी नंतर कितीदा मनात परत बोलून पाहिलंय.

मंगळवारी, १ जूनला सकाळी तिचे डोळे लाल होते. दोन्ही डोळे, पण चिकटलेले नाहीत, पाणी नाही, घाण नाही, नुसते लालभडक. ओठ सुकून तडकलेले. आंघोळीऐवजी अंग पुसायला घेतलं तर पोटावर आणि मांड्यांवर लालसर पुरळ. पोट इतकं दुखत होतं की ती पाय पोटाशी घेऊन एका कुशीवरच पडून होती, सरळ होईना. आम्ही तडक जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. तिथे आधी सर्जनला बोलावलं, कारण उजव्या बाजूला खाली दाबलं की ती ओरडत होती आणि अपेंडिक्स असेल असं वाटत होतं. सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स ठीक होतं, पण आतड्याजवळच्या गाठी सुजलेल्या आणि पोटात थोडं पाणी. रक्ताचे रिपोर्ट यायला दोन तास लागले: सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, १६८ (सहाच्या आत असायला हवं होतं), प्लेटलेट १ लाख १० हजार आणि सोडियम १२९ (दोन्ही कमी), लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, तोही खूप कमी. कोविडची आरटीपीसीआर निगेटिव्ह आली. मला वाटलं चला, निदान कोविड तरी नाही.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आली. तिने फाइल चाळली, लेकीचे डोळे बघितले, तळहात उलटे करून बघितले, आणि मला विचारलं, “मागच्या दीड महिन्यात घरात कोणाला कोविड झाला होता का?” मी तारीख सांगितली. ती बोटांवर मोजत होती, तेहतीस दिवस. मग तिने वरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यानंतर सगळं इतक्या वेगात झालं की मला नीट क्रम आठवत नाही.

मला समजलं ते असं. कोविड होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा भडकते. विषाणू तोवर गेलेला असतो, म्हणून आरटीपीसीआर बऱ्याचदा निगेटिव्ह येते, पण सूज अंगभर पसरते: आतडी, त्वचा, डोळे, रक्तवाहिन्या आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे हृदय. आधीचा कोविड अगदी किरकोळ, कधी कळलाही नाही इतका सौम्य असू शकतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना अशी मुलं पहिल्यांदा एकदम दिसली आणि मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याची व्याख्या केली. एमआयएस-सी हे नाव, ब्रिटनमध्ये याच आजाराला पीआयएमएस-टीएस म्हणतात. मी पहिल्या रात्री हे दोन वेगळे आजार समजून दोन्हींबद्दल वाचत आणि दुप्पट घाबरत बसले होते, म्हणून मुद्दाम सांगतेय. कावासाकी या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराशी याची लक्षणं मिळतात, पण कावासाकी बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो आणि हा जरा मोठ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये जास्त.

रात्री आठ वाजता तिचं बीपी खाली जायला लागलं, नाडी १५० च्या वर. त्या हॉस्पिटलमध्ये मुलांचा आयसीयू नव्हता. मुलांचा आयसीयू आणि मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ दोन्ही असतील अशा ठिकाणी हलवायचं ठरलं. बेड मिळायला दीड तास, कार्डिॲक ॲम्ब्युलन्स यायला अजून पाऊण तास. निघताना मी फक्त रेफरल चिठ्ठी घेतली आणि सोनोग्राफीची फिल्म तिथेच राहिली, नवऱ्याला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. मुलाला हलवताना सगळ्या रिपोर्टचे फोटो फोनमध्ये काढून घ्या, आणि शेवटचं तापाचं औषध किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण नवीन ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो.

नवीन ठिकाणी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिला आत नेलं आणि दार बंद झालं. एकाच पालकाला आत राहता येणार आणि तेही त्याची स्वतःची आरटीपीसीआर निगेटिव्ह आल्यावर. माझा स्वॅब घेतला, रिपोर्टला सहा तास. ते सहा तास मी दाराबाहेरच्या खुर्चीत काढले. ती आत “आई” म्हणून हाक मारत होती ते दोनदा ऐकू आलं. एका सिस्टरने स्वतःहून बाहेर येऊन माझा फोन घेतला, व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्या उशीजवळ ठेवला. मी काही बोलू शकले नाही, नुसती दिसत राहिले. ती माझ्याकडे बघत झोपली.

२ जून, बुधवार. सकाळी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको झाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, तो ५५ च्या वर हवा. तिचा ४२ होता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्या फुगल्यात का ते झेड स्कोअरवर कळतं, २ च्या आत नॉर्मल, तिचा १.९. म्हणजे रक्तवाहिन्या ठीक, पण स्नायू सुजलाय. बीपीसाठी औषधाचा पंप लावला, नाकात ऑक्सिजनची नळी. व्हेंटिलेटर लागला नाही.

मग उपचारांच्या संमतीचे फॉर्म आले. मुख्य औषधं दोन: आयव्हीआयजी आणि स्टिरॉइड. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून वेगळी काढलेली अँटिबॉडी, शिरेतून देतात. डोस वजनावर ठरतो, किलोला २ ग्रॅम. लेक २६ किलोची, म्हणजे ५२, प्रत्यक्षात ५ ग्रॅमच्या दहा बाटल्या. हॉस्पिटलच्या फार्मसीत सहाच होत्या. उरलेल्या चार मिळवायला नवऱ्याने सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत फोन केले, तीन औषध दुकानं फिरला, आणि थंड पेटीत घालून आणल्या. हा आजाराच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग असतो हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, आयसीयूच्या दिवसांपेक्षाही बाटल्यांचंच बिल मोठं झालं. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबरचं स्टिकर असतं. ती स्टिकरं फाइलला लावायला सांगा आणि फोटो काढून ठेवा, विमा कंपनीने आमच्याकडे नंतर तेच मागितलं.

आणि हे फार महत्त्वाचं आहे: कोविड अँटिबॉडीची टेस्ट आयव्हीआयजी सुरू होण्याआधी घेतलेल्या रक्तावर करावी लागते, कारण आयव्हीआयजीमध्ये दुसऱ्यांच्याच अँटिबॉडी असतात आणि मग रिपोर्टला अर्थ उरत नाही. आमच्या डॉक्टरांनी आधीच रक्त काढून ठेवलं होतं. तिची एप्रिलमध्ये टेस्ट केली नव्हती, त्यामुळे तिला कोविड होऊन गेला याचा एकमेव पुरावा तो अँटिबॉडी रिपोर्ट आणि तिच्या बाबाचा जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट एवढाच होता.

संध्याकाळी सात चाळीसला पहिली बाटली लागली. हृदय अशक्त असल्याने एकदम जास्त द्रव द्यायचा नव्हता, म्हणून बारा तास चालवली. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी ताप, बीपी, नाडी. साडेनऊला तिला हुडहुडी भरली, सिस्टरनी वेग कमी केला, अर्ध्या तासात थांबली. मी शेजारी बसून त्या थेंबांकडे बघत होते. हजारो अनोळखी माणसं कुठेतरी रक्त द्यायला बसली असतील तेव्हा हे माझ्या मुलीच्या हातात उतरतंय, हे मनातून जात नव्हतं. अजूनही जात नाही. नवरा आता नियमित रक्तदान करतो.

गुरुवारी ताप १०१ वर आला, पण डोकं भयंकर दुखत होतं. आयव्हीआयजीनंतर अशी डोकेदुखी होऊ शकते, मला आधी माहीत असतं तर इतकी घाबरले नसते. शुक्रवारी, ४ जूनला पहाटे पाच वाजता सिस्टरनी थर्मामीटर माझ्यासमोर धरला, ९८.४. ताप सुरू झाल्यापासून सातवा दिवस होता. मी वहीत तो आकडा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. वही मी दुसऱ्याच दिवशी सुरू केली होती, साधी शाळेची वही, वेळ, ताप, औषध, लघवी, डॉक्टर काय म्हणाले. रात्रीच्या ड्युटीवरचे डॉक्टर बदलायचे आणि प्रत्येकाला सगळं परत सांगावं लागायचं, तेव्हा वहीच पुढे करायचे.

त्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहायचे. राउंडला डॉक्टर दोनतीन मिनिटं थांबतात आणि तेवढ्यात आपलं डोकं रिकामं होतं. एक प्रश्न नवऱ्याने लिहिला होता, मला दाखवला नव्हता: “हे माझ्यामुळे झालं का?” डॉक्टरांनी तो वाचला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, कोविड तुम्ही ठरवून आणला नाहीत. कोविड झालेल्या बहुतेक मुलांना हे होत नाही, काहींनाच का होतं हे अजून पूर्ण कळलेलं नाही, आणि तुम्ही तिला वेळेत आणलंत. नवरा काचेपलीकडे उभा होता, एकच पालक आत म्हणून, आणि हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकत होता. मी त्याला पहिल्यांदा रडताना बघितलं.

आता कागदांचं. आमचा विमा होता, पण पूर्वमंजुरी दीड दिवस अडकली. कारण काय तर रेफरल चिठ्ठीवर लिहिलं होतं “कावासाकीसारखा आजार”, ॲडमिशनच्या कागदावर “व्हायरल शॉक?” आणि इकोच्या रिपोर्टवर “एमआयएस-सी”. विमा कंपनीचा प्रश्न आला की नक्की कोणता आजार, आणि कोविड असेल तर आरटीपीसीआर निगेटिव्ह कशी. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घेतलं, त्यात आजाराचं पूर्ण नाव, हा कोविडनंतर काही आठवड्यांनी होतो म्हणून आरटीपीसीआर निगेटिव्ह असू शकते हे वाक्य, अँटिबॉडीचा आकडा आणि आयव्हीआयजी का गरजेचं हे सगळं आलं. ते पत्र गेल्यावर चार तासांत मंजुरी. तुम्ही यातून जात असाल तर ॲडमिशनच्या दुसऱ्याच दिवशी हे पत्र मागून घ्या आणि डिस्चार्जपर्यंत सगळ्या कागदांवर एकच नाव येतंय ना बघा. डिस्चार्जच्या कागदावर तिचं वय चुकलं होतं, ते दुरुस्त करायला तीन तास गेले, ती व्हीलचेअरवर बसून होती.

५ जूनला बीपीचा पंप निघाला, ६ तारखेला वॉर्डात, ९ जूनला घरी. सीआरपी १६८ वरून २१ वर आलं होतं. ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ताची टेस्ट) मात्र वाढलेलाच दिसत होता, आयव्हीआयजीनंतर ईएसआरचा आकडा धरायचा नसतो असं डॉक्टर म्हणाले, नाहीतर मी परत घाबरले असते.

घरी आल्यावर सोपं होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन आठवडे, दर काही दिवसांनी डोस कमी करत. त्या एकदम बंद करायच्या नसतात, सकाळी खाऊनच द्यायच्या. तिचा चेहरा सुजला, भूक इतकी की रात्री दोनला उठायची, आणि चिडचिड अशी की ही माझीच मुलगी का असं वाटावं. आरशासमोर उभी राहून म्हणाली, आई मी अशीच राहणार का? डोस उतरला तसं हळूहळू सगळं गेलं, चेहरा पूर्ववत व्हायला सहाएक आठवडे लागले. रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन अगदी छोट्या डोसमध्ये होती. ती चालू असताना आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, आणि मूल फ्लू किंवा कांजिण्या झालेल्याच्या संपर्कात आलं तर लगेच कळवायचं, हे फ्रिजवर लिहून चिकटवलं. दुसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघायला लागली. तेही होऊ शकतं, दुखत नाही.

मी दिवसातून दहा वेळा तिचा ताप बघत होते. एकदा झोपेत कपाळाला हात लावला तर ती दचकून किंचाळली, सुई टोचणार असं वाटलं तिला. मग डॉक्टरांना विचारून ठरवलं, सकाळ संध्याकाळ एकेकदाच, १०० च्या वर गेला तर फोन. दोघींनाही झोप लागायला लागली.

१६ जूनचा इको: इजेक्शन फ्रॅक्शन ५६. १४ जुलैचा: ६१, कोरोनरी नॉर्मल, ॲस्पिरिन बंद. पण पळणं, सायकल, पोहणं बंदच, हृदयाचा स्नायू सुजून गेल्यावर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम नको म्हणून. मुलीला बरं वाटतंय, ती हसतेय आणि तिला पळू नको म्हणायचं, हे आयसीयूपेक्षा लांबलेलं अवघड काम होतं. आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजायचा खेळ काढला, आज किती चढल्यावर दम लागला ते वहीत तीच लिहायची. जूनमध्ये ११, सप्टेंबरमध्ये तिने लिहायचं सोडलं कारण दम लागतच नव्हता. सुरुवातीचा आकडा ५० च्या खाली होता म्हणून ऑक्टोबरमध्ये हृदयाचा एमआरआय झाला, स्नायूवर व्रण नाही. डिसेंबरमध्ये ईसीजी, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र), इको, आणि मग खेळायला परवानगी. शाळेसाठी त्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, त्याच भेटीत मागून घ्या.

राहिली होती लस. आयव्हीआयजीनंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी अकरा महिने देत नाहीत, कारण आलेल्या अँटिबॉडी लसीला कामच करू देत नाहीत. तिचा कांजिण्यांचा दुसरा डोस बाकी होता. ३ जून २०२१ ला सकाळी शेवटची बाटली संपली, म्हणून लसीच्या कार्डावर डॉक्टरांनी “३ मे २०२२ नंतर” असं लिहून दिलं होतं. ते लिहून घ्याच, अकरा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

मागच्या आठवड्यात गेलो. नवीन सिस्टर होत्या, त्यांनी विचारलं मधला डोस का लांबला, आधी काही मोठा आजार झाला होता का? मी फाइल उघडत होते तोवर लेकीनेच सांगितलं, “बाबाला कोविड झाल्यावर तेहतीस दिवसांनी मला ताप आला होता.” मग बाही वर केली.